हौशी नौकाचालन : सुरक्षितता व प्रशिक्षण

स्वतःच्या, क्लबच्या किंवा भाड्याने घेतलेल्या लहान नौकेतून, कमाईसाठी नव्हे तर आनंदासाठी केलेला जलप्रवास म्हणजे हौशी नौकाचालन. शिडाची डिंगी, इंजिनावर चालणारी स्पीडबोट, रात्रीच्या मुक्कामाची सोय असलेली यॉट असे तिचे अनेक प्रकार आहेत. व्यापारी जहाजाच्या कप्तानाला परीक्षा आणि समुद्रावरची ठरावीक सेवा पुरी केल्याशिवाय जहाज हाती मिळत नाही. हौशी चालकाला मात्र जगातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर यांतले काहीही न करता नौका विकत घेऊन लगेच पाण्यात घालता येते. प्रशिक्षणाचा प्रश्न या फरकातूनच उभा राहतो.

पारंपरिक दर्यावर्दी समाजांत तो कधी उभा राहिला नाही. कोकणातला कोळ्याचा मुलगा आधी होडीतले पाणी उपसतो, मग दोर ओढतो, नांगर टाकतो. तांडेल सुकाणू त्याच्या हाती देतो ते बऱ्याच वर्षांनी. तोवर भरतीचे गणित त्याच्या अंगी मुरलेले असते. तिथीला पाऊणाने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आडाखा कोकणात आजही वापरात आहे. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पूर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. शनिवार-रविवारी पाण्यावर जाणाऱ्या माणसाकडे ही उमेदवारी नसते. पाच दिवसांचा अभ्यासक्रम त्या उमेदवारीची जागा घेऊ शकत नाही. पण आपल्याला काय येत नाही, एवढे तो नेमके दाखवून देतो.

दुर्घटनांचे स्वरूप : समुद्रावरचा अपघात म्हटला की डोळ्यांपुढे वादळ येते. हौशी चालकांचे अपघात बहुधा तसे नसतात. दिवस चांगला असतो, किनारा दिसत असतो, सहल तासाभराची असते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तिथे हौशी नौकांच्या अपघातांत ५६४ माणसे दगावली. मृत्यूचे कारण ठाऊक असलेल्यांपैकी ७५ टक्के बुडाली होती, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्याबाबत नोंद होती त्यांतल्या ८७ टक्के जणांनी लाइफ जॅकेट घातले नव्हते. चालकाच्या शिक्षणाची माहिती मिळालेल्या प्रकरणांत ७५ टक्के मृत्यू प्रशिक्षण न घेतलेल्या चालकांच्या नौकांवर झाले. या शेवटच्या आकड्याला जपून वापरले पाहिजे. अप्रशिक्षित चालक मुळातच जास्त असतील तर त्यांचे अपघातही जास्त दिसणारच. अपघातांची कारणे मात्र वर्षानुवर्षे तीच आहेत : दुर्लक्ष, अननुभव, चौफेर नजर न ठेवणे, अतिवेग. जीवघेण्या अपघातांत मद्यपान सर्वांत वर.

मे २०१३ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, पॅडस्टोजवळ कॅमल नदीच्या मुखात, एका वेगवान बोटीतले कुटुंब वळण घेताना पाण्यात फेकले गेले. बोटीवर कोणीच उरले नाही, पण इंजिन चालूच होते. बोट गोल गोल फिरत पाण्यातल्या माणसांवर येत राहिली. बाप आणि आठ वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली. चालकाच्या मांडीला किंवा मनगटाला बांधायची आणि तो जागेवरून हलला की इंजिन बंद पाडणारी दोरी, म्हणजे किल कॉर्ड, त्या वेळी कोणी बांधलेली नव्हती. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान बोटींना अशी दोरी किंवा तिच्यासारखी बिनतारी यंत्रणा वापरणे एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झाले. एवढ्याशा दोरीसाठी कायदा करावा लागतो, कारण ती बांधायची सवय आपोआप लागत नाही.

नौका हाताळणे : मोटार चालवता येणाऱ्याला वाटते की बोटही तशीच असणार. दोन्हींत चाकासारखे दिसणारे सुकाणू असते, साम्य तिथेच संपते. बोटीला ब्रेक नसतो. ती पुढून नव्हे, मागून वळते : नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, डावीकडे वळवली की मागची बाजू उजवीकडे फेकली जाते आणि धक्क्याला घासते. शिवाय तिच्या खालचा रस्ता स्वतः सरकत असतो. वारा वरच्या भागाला ढकलतो, प्रवाह खालच्या भागाला ओढतो, आणि दोघांची दिशा एक असेलच असे नाही.

म्हणून प्रशिक्षणाचा बराच वेळ धक्क्याला लागणे आणि धक्का सोडणे यात जातो. नियम साधा आहे : वारा आणि प्रवाह यांतला जो जोरदार असेल त्याच्याकडे तोंड करून यायचे. समोरून येणारे पाणी बोटीला आपोआप थोपवते आणि पाण्यावर वेग असला तरी धक्क्याच्या मानाने ती जवळजवळ स्थिर राहते. पाठीवर प्रवाह घेऊन आलेल्याला सुकाणू चालावे म्हणून वेग ठेवावा लागतो, आणि तोच वेग त्याला धक्क्यावर आदळवतो. दुसरी गोष्ट बोटीला ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची. उजवीकडे फिरणारा पंखा उलटा फिरवला की बोटीची मागची बाजू सहसा डावीकडे सरकते. ठाऊक नसेल तर हा दोष वाटतो. ठाऊक असेल तर डावी बाजू धक्क्याकडे ठेवून यायचे, शेवटी इंजिनला उलटा हिसका द्यायचा आणि बोट स्वतःहून धक्क्याला टेकते. अर्थात हे सगळे सावकाश. इंजिन क्षणभर गिअरमध्ये, मग न्यूट्रल, पुन्हा क्षणभर गिअरमध्ये. नवशिका धक्क्यावर उड्या मारणाऱ्या माणसांना हाक मारतो. सरावलेला आधी दोर तयार ठेवून, वाऱ्याकडे एकदा पाहून, मग वळतो.

पेट्रोलचे इंजिन बोटीच्या पोटात असेल तर सुरू करण्याआधी साधारण चार मिनिटे हवा बाहेर फेकणारा वेगळा पंखा (ब्लोअर) चालवून वाफा बाहेर काढाव्या लागतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

शिडाच्या नौकेत धोका उलट्या जागी असतो. वारा मागून असताना सगळे शांत वाटते, पण सुकाणू थोडे चुकले की शिडाखालचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे सपकन फिरतो. वाटेत डोके आले तर जीवही जातो. वारा वाढला की शीड आखडून घेणे हे दुसरे कौशल्य. ते कधी करावे याचे शिडाच्या लोकांचे उत्तर ठरलेले आहे : मनात प्रश्न आला तेव्हाच.

भरती-ओहोटी : मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक ४ मीटरच्या पुढेही जातो. सकाळी ज्या खडकावरून बोट सहज गेली तोच दुपारी उघडा पडलेला असतो. पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासात एक भाग, असा ढोबळ हिशेब शिकवला जातो. ३.६ मीटरच्या फरकात तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १.८ मीटर, म्हणजे निम्मे पाणी. प्रवाहही याच दोन तासांत सर्वांत जोरात असतो. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून दुपारचा खारा वारा आला की तेच पाणी उभ्या, आखूड लाटांनी खवळते. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे प्रत्येकाने पाठ केलेले असतात. त्यांचा अर्थ कळतो तो अशा दुपारी, परतीच्या वाटेवर.

समुद्रावरचे वाहतुकीचे नियम : टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. ते अजस्र जहाजाला आणि छोट्या डिंगीला सारखेच लागू आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोन यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळायचे. भारतीय चालकाची इथे गंमत होते : रस्त्यावर आयुष्यभर डावी बाजू धरलेली असल्याने घाईत हात डावीकडे जातो. हे मोडायला सरावच लागतो. वाटा एकमेकांना छेदत असतील तर जिला दुसरी नौका आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यायची. मागून ओलांडणाऱ्याने, तो शिडावर असला तरी, पुढच्यापासून दूर राहायचे. दुसरी नौका आपल्याला ज्या दिशेला दिसते ती दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र घटते आहे, असे दिसले की टक्कर ठरलेली समजावी.

‘इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यावी’ हा अर्धाच नियम लोकांच्या लक्षात राहतो. अरुंद जलमार्गात २० मीटरपेक्षा लहान नौकेने आणि शिडाच्या नौकेने त्या मार्गाबाहेर जाऊ न शकणाऱ्या जहाजाला अडवायचे नसते, हा उरलेला अर्धा. न्हावा-शेव्याकडे निघालेल्या कंटेनर जहाजाला थांबायला किलोमीटरभराहून जास्त अंतर लागू शकते, आणि नाळेच्या पुढचा बराचसा समुद्र जहाज चालवणाऱ्या माणसाला दिसतच नाही. त्याच्यासमोर हक्क सांगून उपयोग नाही. जलमार्गाच्या कडा बोयांनी, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या खुणांनी, दाखवलेल्या असतात. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. अमेरिकेत नेमके उलट. परदेशात नौका भाड्याने घेणाऱ्यांना हे आधी ठाऊक असलेले बरे.

माणूस पाण्यात पडला तर : पट्टीचा पोहणारा असल्याचा इथे फारसा फायदा होत नाही. १५ अंश सेल्सियसपेक्षा थंड पाण्यात पडताक्षणी श्वास अनावर होतो आणि पहिल्याच धापेत पाणी फुप्फुसात जाऊ शकते. त्यातून सावरलेल्याचे हातपाय दहा-एक मिनिटांत कामातून जातात. कोकणचे पाणी उबदार आहे, पण तिथे प्रवाह माणसाला बोटीपासून पोहण्याच्या वेगापेक्षा जलद दूर नेतो. लाटांमध्ये डोके नारळाएवढेच दिसते. त्यामुळे ओरडणे, तरंगती कडी फेकणे आणि एकाने नजर न हटवता पडलेल्या माणसाकडे हाताचे बोट रोखून उभे राहणे हे आधी. बोट वळवणे नंतर. जवळ येताच पंखा थांबवायचा. यानंतर खरे अवघड काम येते, ते म्हणजे भिजलेल्या, थकलेल्या माणसाला उंच काठावरून आत घेणे. शिडी नसेल तर दोघा धडधाकटांनाही ते जमत नाही. प्रशिक्षणात हे एकदा प्रत्यक्ष करून पाहिले की शिडी विसरली जात नाही.

लाइफ जॅकेटचेही प्रकार आहेत. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करते. १५० न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध माणसाचेही तोंड वर ठेवण्यासाठी बनवलेले असते. बाकाखाली बांधून ठेवलेल्या जॅकेटचा काहीही उपयोग नाही. मदत मागायची तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर तीनदा ‘मेडे’, मग नौकेचे नाव, ठिकाण, संकट आणि माणसांची संख्या, या क्रमाने. भारतीय तटरक्षक दलाचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. पण मोबाइल पाण्यात पडतो, आणि त्यावरचे बोलणे शेजारून जाणाऱ्या नौकेला ऐकू येत नाही, रेडिओवरचे येते.

प्रशिक्षणाच्या पद्धती : ब्रिटनमध्ये खाजगी हौशी चालकाला समुद्रावर परवाना लागत नाही. तिथे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ऐच्छिक अभ्यासक्रम आहेत आणि ते जगभर मानले जातात. खलाशी म्हणून उपयोगी पडण्याइतके शिकणे, मग दिवसा ओळखीच्या पाण्यात नौका नेणे, असे चढत ‘यॉटमास्टर ऑफशोअर’पर्यंत जाता येते. त्या परीक्षेला बसण्याआधी ५० दिवस आणि २,५०० सागरी मैलांचा अनुभव वहीत नोंदलेला असावा लागतो. उलट जर्मनीत १५ अश्वशक्तीहून मोठ्या इंजिनाला आणि फ्रान्समध्ये ६ अश्वशक्तीहून मोठ्या इंजिनाला परवाना सक्तीचा आहे. कॅनडाने १९९९ पासून टप्प्याटप्प्याने चालक-कार्ड आणले आणि सप्टेंबर २००९ पासून ते यांत्रिक नौकेच्या प्रत्येक हौशी चालकाला लागू केले. सक्तीची परीक्षा नियम पाठ करून घेते. पण वाऱ्यात धक्क्याला लागणे लेखी परीक्षेत येत नाही, आणि केवळ कागदी चाचणीवर मिळणाऱ्या कार्डाची मर्यादा तीच आहे.

अनुभवी माणसांनाही शिकण्याची गरज असते हे ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीने, म्हणजे इंग्लंडहून निघणाऱ्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीने, दाखवले. ३०३ नौका निघाल्या, वाटेत वादळाने गाठले, १५ स्पर्धक दगावले. त्या वेळी २४ नौका सोडून देण्यात आल्या, पण त्यांतल्या फक्त ५ बुडाल्या. बाकीच्या तरंगताना सापडल्या. त्यांतून तराफ्यांवर उतरलेल्या काहींचे तराफे मात्र उलटले, फाटले. नौका पायांखालून खरोखर जात नाही तोवर ती सोडू नये, हा धडा तेव्हापासून शिकवला जातो.

भारतात : मुंबईत गेट वेच्या समोरचे पाणी हा हौशी शिडांचा जुना अड्डा, रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा. मोसम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि जूनच्या आत नौका किनाऱ्यावर चढतात. गोव्यात केंद्रीय पर्यटन खात्याच्या अखत्यारीतली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षण आणि यांत्रिक बोट चालवण्याचे अभ्यासक्रम घेते. नौदलाने शिडाची परंपरा जपली आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये, चार बंदरांत थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेवर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता फेरी पुरी केली.

नद्या, खाड्या आणि जलाशयांसाठी १९१७ च्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आला. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा माणसे गेली. या हौशी नौका नव्हत्या. पण हौशी चालक याच पाण्यात, याच बोटींच्या मधून वाट काढत असतो.

चांगले प्रशिक्षक आणखी एका गोष्टीचा आग्रह धरतात. निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढून सोबतच्या एका माणसाला इंजिन बंद कसे करायचे, रेडिओचे बटण कुठले आणि नांगर कसा सोडायचा, हे करून दाखवायचे, आणि त्याच्याकडून एकदा करवून घ्यायचे. पाण्यात पडणारा माणूस स्वतः चालकच असू शकतो.