डायल चकचकीत, म्हणून मूळची?

"जुन्या मनगटी घड्याळाची डायल नव्यासारखी चकचकीत असली, की ती मूळचीच समजा." हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. पटतोही, कारण जपलेली वस्तू चांगली राहते हे आपण घरात बघतोच.

पण कोल्हापूरच्या पावसाळ्यातला दमटपणा काचेच्या आत शिरला, की डायलवर डाग पडतात, वरचा थर पिवळा होतो. अशी डायल साफ करून, रंगवून, पुन्हा छापून द्यायचं काम जुनंच आहे. त्यात दरवेळी फसवणूक नसायची, गिऱ्हाइकालाच नवी डायल हवी असायची. त्यामुळे निव्वळ चकाकीवरून काही ठरत नाही.

बघायची ती छपाई. महाद्वार रोडला दुरुस्तीला गेलात तर दहापट भिंग मागून घ्या. सहाच्या आकड्याखालची बारीक ओळ वाचा. अक्षरं कुठं जाड, कुठं पुसट, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या खुणांपासून सरकलेल्या, तर डायल बहुधा पुन्हा छापलेली.

अंधारातली चमकही बोलते. त्या ओळीत 'टी स्विस टी' असेल तर चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम असतं, म्हणजे अंधारात चमक देणारं किरणोत्सर्गी द्रव्य. ते दर 12.3 वर्षांनी निम्मं होतं. 1960च्या दशकातलं घड्याळ आज रात्रभर लख्ख चमकत असेल, तर तो रंग नंतर भरलेला.

त्याहून जुन्या घड्याळात रेडियम असू शकतं. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो, म्हणून तो रंग नखानं खरवडून बघू नका.