क्रेटा कुठली, स्कॉर्पिओ कुठली? फॅमिली एसयूव्ही घेण्याआधी पत्र्याखालचं थोडं विज्ञान

बेळगावात सेकंडहँड गाडी बघायला गेलं की एजंट आधी नाव सांगतो, मग रंग, आणि मग ते ठरलेलं वाक्य, डॉक्टरची गाडी आहे बघा, सिंगल ओनर. (गावातले सगळे डॉक्टर दर तीन वर्षांनी गाडी विकतात की काय असं वाटायला लागतंय.) खरं नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. २००२ ला आलेली पण स्कॉर्पिओच, २०२२ ची स्कॉर्पिओ-एन पण स्कॉर्पिओच, आणि एन आल्यावर जुनीच गाडी 'क्लासिक' म्हणून नवीकोरी विकायला ठेवली, म्हणजे एकाच वर्षाच्या दोन स्कॉर्पिओ शेजारी उभ्या असल्या तरी आतून त्यांचं फारसं नातं नाही. सफारीचं तर अजून गमतीचं. १९९८ ची सफारी लॅडर फ्रेमवर, म्हणजे खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा आणि त्यावर बॉडी, अशी बसवलेली, मागची चाकं ओढणारी; २०२१ ला परत आली ती लँड रोव्हरच्या डी८ प्लॅटफॉर्मवरून काढलेल्या सांगाड्यावर, पुढच्या चाकांवर चालणारी. नाव तेवढं ठेवलं.

म्हणून पहिला प्रश्न मॉडेल इयरचा नाही, जनरेशनचा. फेसलिफ्टमध्ये बंपर, लाइटी, डॅशबोर्डचा स्क्रीन बदलतो, आतला सांगाडा बहुतेक तोच राहतो. जनरेशन बदलली की सांगाडाच नवा येतो. क्रेटा २०१५ ला आली, २०२० ला दुसरी पिढी, २०२४ ला जे आलं ते फेसलिफ्ट. त्यामुळं २०१९ ची आणि २०२० च्या शेवटची क्रेटा यांच्यात कागदावर एकच वर्ष दिसतंय, प्रत्यक्षात एक पिढी आहे.

आता सांगाडा म्हणजे नेमकं काय, हे मी आमच्या दाजींना समजावत होतो तेव्हा उलट त्यांनीच मला समजावलं, कारण ते उद्यमबागला फाउंड्रीत आहेत आणि हीट ट्रीटमेंट हा त्यांचा रोजचा विषय. नव्या गाड्यांच्या दाराच्या मधल्या खांबाला, म्हणजे बी-पिलरला, बोरॉन घातलेलं स्टील वापरतात. ते साधारण ९०० अंशांपर्यंत तापवायचं, लालभडक असतानाच साच्यात दाबायचं आणि साच्यातच पाण्याच्या नळ्यांनी झटक्यात गार करायचं. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तसंच हे, फक्त मशीनवर आणि मोजून. साधा पत्रा ३०० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसतो, हे स्टील १५०० च्या घरात जातंय. याउलट गाडीचं नाक मुद्दाम मऊ ठेवतात, ते चुरगळावं म्हणूनच. टक्कर झाली की गाडीची सगळी गतिज ऊर्जा कुठंतरी जिरायला पाहिजे, आणि ती वेगाच्या वर्गानं वाढते, ४० च्या जागी ८० ला असाल तर दुप्पट नाही, चौपट. नाक चुरगळत असताना गाडी थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो, आणि तेवढा वेळ म्हणजेच छातीवरचा कमी दाब. आपल्या लोकांना मात्र 'पत्रा जाड पाहिजे' हेच पाहिजे असतं. बोनेटवर थाप मारून गाडीची ताकद ओळखणारे काका प्रत्येक गल्लीत एक तरी आहेत.

लॅडर फ्रेम चांगली की मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच), यावर भांडायला लोक रात्र घालवतील, खरं टेस्टचे आकडे बघितले तर तो प्रश्नच बाजूला पडतो. जुनी एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ २०१६ ला ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या ठोकून बघून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या टेस्टमध्ये, शून्य स्टारवर आली, आणि स्कॉर्पिओ-एन, तीही लॅडर फ्रेमचीच, २०२२ ला पाच स्टार घेऊन गेली. फ्रेम सारख्याच जातीची, पिढी वेगळी. नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरला मोठ्यांसाठी पाच स्टार मिळाले तेव्हा मुलांसाठी तीनच होते, हे जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. दुसऱ्या पिढीची क्रेटा २०२२ ला दोन एअरबॅगवर टेस्ट झाली तेव्हा दोन्हीकडे तीन. आणि २०२२ च्या जुलैपासून ग्लोबल एनकॅपचे नियमच कडक झाले, इएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि बाजूच्या टक्करी धरायला लागले, २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपलं भारत एनकॅप सुरू झालं. तेव्हा 'पाच स्टार आहे हो' म्हणाला की विचारायचं, कुठल्या साली टेस्ट झालेले, आणि कुठल्या पिढीला.

जुनी गाडी घेणार असाल तर काही तारखा डोक्यात ठेवलेल्या बऱ्या. समोरून आणि बाजूनं टक्कर देऊन गाडी तपासण्याचे सरकारी नियम नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि चालू मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून लागले. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सगळ्यांना सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ संपताना. म्हणजे २०१८ ची बेस व्हेरियंट स्वस्तात मिळायली म्हणून उड्या मारू नका, त्यात शेजारी बसणाऱ्या वहिनींसमोर नुसतं प्लास्टिक असू शकतंय. आणि १ एप्रिल २०२० ला बीएस६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले. ही तारीख डिझेलवाल्यांसाठी सगळ्यात मोठी.

दाजींना सात सीटर, त्यातही डिझेलच पाहिजे होती. मी म्हटलं, दाजी, तुमचं रोजचं रनिंग शहापूर ते उद्यमबाग, गावातल्या गावात, तुम्हाला डिझेल कशाला? तर म्हणाले, "अरे पिकअप बघ की, आणि घाटात एसी लावून चढतंय बघ."

पिकअप खरंच चांगला असतो, त्यात वाद नाही. भानगड आहे डीपीएफची. बीएस६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी असते, ती काजळी अडवून साठवते. साठलेली काजळी जाळून टाकायला आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतंय. पुणे-बेंगळुरू हायवेला संकेश्वरपर्यंत एक सलग चक्कर मारली की हे काम होऊन जातंय, तुम्हाला कळतही नाही. खरं रोज चार-पाच किलोमीटर, सिग्नल, रेल्वे गेट, परत बंद, असं चाललं तर इंजिनच नीट तापत नाही, जाळी कुठली तापणार. मग गाडी स्वतःहून थोडं जादा डिझेल सोडून जाळी तापवायला बघते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही घर आलं म्हणून चावी फिरवता. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेनं खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतंय. म्हणून वापरलेली बीएस६ डिझेल बघताना बोनेट उघडून डिपस्टिक ओढायची. ऑइल कमी असणं नेहमीचं, खरं या गाडीत ते वरच्या खुणेच्याही वर दिसलं आणि हुंगल्यावर डिझेलचा वास आला, तर ती गाडी गावातल्या गावात फिरवलेली समजायची. दुसरं, सायलेन्सरच्या नळीत आत रुमाल गुंडाळलेलं बोट फिरवायचं, इंजिन गार असताना बरं का. डीपीएफ धड असेल तर रुमाल जवळजवळ स्वच्छ येतो. काळा कुळकुळीत आला तर जाळी फुटलेली, नाहीतर कुणीतरी 'कटकट नको' म्हणून कापून काढलेली.

दाजींनी दोन ठिकाणी रुमाल फिरवला, दोन्हीकडे काळा. मग पेट्रोलच्या गोष्टी सुरू झाल्या.

पेट्रोलमध्ये आपल्याकडचा ऊसच आडवा येतो. चिकोडी, अथणी, गोकाक भागात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून इथेनॉल निघतंय आणि ते २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळून पंपावर येतंय. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा, त्यामुळं २० टक्के मिसळलं की लिटरमागे एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते, आधी १० टक्के मिश्रण वापरत असाल तर फरक तीन-साडेतीनचा. म्हणजे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच, त्यात फसवणूक काही नाही. मुद्दा नळ्या आणि रबराचा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या इ२०, म्हणजे हे २० टक्क्यांचं मिश्रण, धरून बनवलेल्या, त्याआधीच्यांचे पाइप-सील १० टक्क्यांच्या हिशोबाचे. म्हणून जुनी पेट्रोल घेणार असाल तर टाकीपासून इंजिनपर्यंतच्या नळ्या एकदा लिफ्टवर चढवून बघायच्या, चिरा, ओल, वास.

चोर्ला घाट उतरणार नाही असा बेळगावकर विरळा, तेव्हा ब्रेकबद्दल बोलायलाच पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. माणसं-सामानासकट दोन टनाची गाडी गोव्याला ७०० मीटर खाली जाते तेव्हा जी ऊर्जा सोडावी लागते तेवढ्यात ४० लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत जाईल. थोडी हवेनं घेतली, थोडी इंजिननं, उरलेली सगळी ब्रेकच्या डिस्कवर. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितंय. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो, आणि खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस बघितला तर ओल कमी पडायची नाही. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते, पॅडल खाली जातंय आणि गाडी थांबत नाही. सर्व्हिस बुकात दोन वर्षांत ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद आहे का एवढं बघा, आणि उतरताना गिअर खालचा ठेवा, हे तर आजोबा पण सांगायचे.

उंच गाडीचं दुसरं एक आहे. दोन चाकांमधलं अर्धं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा आकडा जितका छोटा तितकी गाडी कलंडायला सोपी. सौंदत्तीला यल्लम्माला जाताना टपावर कॅरिअर लावून भांडीकुंडी, गाद्या बांधतो तेव्हा आपण हा आकडा अजून छोटा करतो. इएससी असलेली पिढी असेल तर गाडी घसरायला लागल्यावर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ करायचा प्रयत्न करते. सनरूफपेक्षा मी तरी इएससीला पैसे देईन, घरातली पोरं काहीही म्हणोत.

आता पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टला आणि २०२१ च्या जुलैला कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात पाणी कसं शिरलं ते आपल्याकडं सांगायला नको. त्यात बुडालेल्या गाड्या कुठंतरी तर गेल्या असतील ना. जुन्या बोलेरोत पाणी शिरलं तर धुऊन-पुसून चालायची, कारण आत वायरी कमी. पिढी जितकी नवी तितके कंट्रोल युनिट जास्त, आणि एअरबॅगचं युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या खालीच, फ्लोअरवर. कनेक्टरच्या पिनांवर एकदा हिरवा थर धरला की दोन पावसाळ्यांनी कुठला दिवा लागेल सांगता येत नाही. तपासायला सोपी जागा म्हणजे सीट बेल्ट. पूर्ण ओढायचा, अगदी शेवटपर्यंत, जो भाग कधीच बाहेर येत नाही तो. तिथं मातीची रेघ दिसली किंवा कुबट वास आला तर चहा पिऊन परत यायचं. सीटच्या खाली रेलचे बोल्ट गंजलेत का बघायचं. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. गोव्याची जीए पासिंग असेल तर खालून फ्रेम टॉर्च मारून बघा, समुद्राची खारी हवा गंजाला भरपूर मदत करते.

ठोकलेली गाडी ओळखायला पेंट गेज (रंगाच्या थराची जाडी मोजायचं यंत्र) मिळतंय, दाजींच्या कारखान्यात होतंच. कंपनीचा रंग १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एका दारावर १२०, दुसऱ्यावर ११५, आणि मागच्या फेंडरवर ९००? म्हणजे तिथं लांबी (पुट्टी) भरलेली. नुसता फेंडर असला तर चालतंय, भाव पाडून घ्या. खरं बी-पिलरवर तसं काही दिसलं तर सोडून द्या, कारण गॅसनं तापवून तो सरळ केला असेल तर त्या स्टीलचं पाणी उतरलं, रंग कितीही चकाचक असू दे. टायरवर चार आकडे असतात, '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ३० हजार किलोमीटर चाललेल्या २०२० च्या गाडीला २०२४ चे टायर का, हे मालकाला हसत हसत विचारायचं.

नवी घेणाऱ्यांसाठी हिशोब २२ सप्टेंबर २०२५ नंतर बदलला. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठी असेल तर ४०. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही १४६२ सीसीमुळं ४० मध्ये जाते, नेक्सॉन १८ मध्ये. त्यामुळं तीन वर्षं वापरलेली छोटी एसयूव्ही आणि नवी यांच्यातलं अंतर कमी झालंय, एजंट जुन्याच भावाला चिकटून असेल तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

दाजी शेवटी सात सीटर सोडून पाच स्टारवाल्या पेट्रोलवर आले, थोडे नाराज आहेत. गाडी एमएच-०९ ची, कोल्हापूरहून. तिथल्या आरटीओची एनओसी, लोन फिटल्याची एंट्री, आणि बारा महिन्यांच्या आत केए-२२ चा, म्हणजे बेळगावचा, नवा नंबर, त्यावर कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स, वयाप्रमाणे कमी होतो खरं डोळे पांढरे व्हायला तेवढा पुरतो. भाव ठरवतानाच हा आकडा आरटीओत विचारून किमतीत धरायचा, आणि एनओसी हातात पडल्याशिवाय टोकनच्या वर एक रुपया नाही.