रोड आणि रेड: एकाच शब्दाची दोन रूपं

'रोड' हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे, पण 'रस्ता' हा त्याचा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. त्याआधी वाटेला 'वे' म्हणत, आणि रोमनांच्या फरसबंदी मार्गांना 'स्ट्रीट'. हा दुसरा शब्द लॅटिन 'व्हिया स्ट्राटा'वरून आलेला.

मग 'रोड' म्हणजे काय होतं? घोडेस्वारी. जुन्या इंग्रजीत 'रीदान' म्हणजे घोड्यावर बसून जाणं. आजचं 'राइड' तेच. त्याचं नाम 'राद': स्वारी, मजल आणि घोडेस्वारांनी घातलेली धाडसुद्धा. मराठीतही 'स्वारी'ला हे दोन्ही अर्थ आहेतच.

पुढची करामत उच्चाराची. साधारण बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात दीर्घ 'आ'चा 'ओ' होत गेला. 'स्तान'चा 'स्टोन' झाला, 'हाम'चं 'होम' आणि 'राद'चा 'रोड'. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये हा बदल झाला नाही. तिथला 'आ' पुढे 'ए'कडे झुकला, म्हणून स्कॉट बोलीत घराला 'हेम' म्हणतात आणि 'राद'चं झालं 'रेड'. होय, आयकरवाल्यांची पडते तीच रेड! हा इंग्लंड-स्कॉटलंड सीमाभागातला शब्द एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे इंग्रजीत सर्वत्र पसरला. 'रोड'मधला धाडीचा अर्थ दक्षिणेत 'इनरोड' या शब्दात तेवढा टिकला.

खलाशांनी तिसराच अर्थ धरला. नांगरलेलं जहाज लाटांवर 'राइड' करतं, म्हणून बंदराबाहेर जहाजं नांगरायच्या आडोशाच्या पाण्याला 'रोड्स' म्हणतात. भाषांतरकार हमखास फसतो तो इथे. अमेरिकेच्या व्हर्जिनियातलं हॅम्प्टन रोड्स हे रस्त्यांचं जाळं नसून पाणी आहे. मार्च 1862 मध्ये दोन चिलखती युद्धनौका एकमेकींशी भिडल्या त्या तिथेच.

नाती जुळवताना नुसत्या आवाजावर भिस्त ठेवू नये. 'वे' आणि 'वाट' सख्खी भावंडं वाटतात, पण 'वाट' आली संस्कृत 'वर्त्मन्'वरून, म्हणजे 'वृत्' धातूपासून. 'वे'चं मूळ 'वह्' धातूच्या कुळातलं. त्यामुळे आपल्याकडे त्याचे खरे नातलग 'वाहणं' आणि 'वाहन'. 'रोड' आणि 'रथ' यांचंही तसंच: 'रथ'चं नातं चाकाच्या 'रोटा' या लॅटिन शब्दाशी आहे, 'राइड'शी नाही. आणि आपला 'रस्ता' तर थेट फारसीतून आलेला.