सिम्युलेटर सिकनेस

विमान किंवा हेलिकॉप्टर उडवण्याचा सराव देणाऱ्या सिम्युलेटरमध्ये, तसेच पडद्यावरची हलती दृश्ये पाहताना होणारा त्रास. मळमळ, घाम, डोके जड होणे, डोळ्यांवर ताण आणि भोवळ ही त्याची लक्षणे. प्रत्यक्ष उलटी मात्र क्वचितच होते. बस किंवा बोट लागते तेव्हा शरीर खरोखर हलत असते. इथे माणूस बहुधा जागच्या जागी असतो आणि हलते ते चित्र.

याचा अनुभव सिम्युलेटरपेक्षा जुना आहे. १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जत्रेत ‘झपाटलेला झोपाळा’ होता. त्यात झोपाळा जवळजवळ स्थिर राही आणि भोवतालची खोलीच फिरे. ही युक्ती ठाऊक असलेल्यांनाही गरगरल्यासारखे होई. म्हणजे नुसत्या माहितीने हा त्रास टळत नाही.

सिम्युलेटरमधल्या त्रासाची पहिली नोंद १९५७ ची, अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरबद्दलची. त्या यंत्रावरच्या पाहणीत एक चमत्कारिक गोष्ट दिसली: सुमारे ६० टक्के प्रशिक्षकांना त्रास झाला, शिकाऊ वैमानिकांपैकी मात्र १२ टक्क्यांनाच. नवख्यांनी हैराण व्हावे आणि मुरलेल्यांनी निभावून न्यावे, हा आपला अंदाज इथे उलटा पडतो.

याचा उलगडा रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी १९७५ मध्ये विस्ताराने मांडलेल्या संवेदन-संघर्षाच्या सिद्धान्तातून होतो. डोळे सांगतात ‘वळतो आहोत’, तर अंतर्कर्णातल्या, डोक्याचे वळणे ओळखणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका म्हणतात ‘जागेवरच आहोत’. पण खरा बिघाड असतो तो या दोन्ही खबरा आणि मेंदूने पूर्वानुभवावरून धरलेली अपेक्षा यांच्यात. प्रशिक्षकाच्या अंगात खऱ्या उड्डाणाचे हिसके मुरलेले असतात, म्हणून त्याला खोट चटकन जाणवते. अंतर्कर्णाचे कार्य दोन्ही बाजूंनी गेलेल्यांना अशा दृश्यांनी मळमळत नाही, हा या सिद्धान्ताच्या बाजूचा भक्कम पुरावा. तरी हा सिद्धान्त सर्वमान्य नाही. रिचिओ आणि स्टॉफ्रेगन या संशोधकांनी १९९१ मध्ये शरीराचा तोल सावरता न येणे हेच मूळ कारण मानले.

चित्रपटगृहात हातात धरलेल्या कॅमेऱ्याची हिंदकळणारी दृश्ये हाच त्रास देतात, आणि पुढच्या रांगेत अधिक, कारण तिथे पडदा नजरेचा मोठा भाग व्यापतो. व्हीआर (आभासी वास्तव) चष्म्यात डोके वळवल्यावर चित्र जरा उशिरा सरकले तरी त्रास व्हायला पुरते.

सिम्युलेटर वळणात असताना दृश्य एकदम गोठवू नये आणि सत्रे छोटी ठेवावीत, असे प्रशिक्षकांना सांगितले जाते. तोल जाणे, डोळ्यांपुढे गरगरणे हे परिणाम कधीकधी काही तासांनीही उद्भवतात. म्हणूनच सिम्युलेटरनंतर ठरावीक काळ खरे उड्डाण न करण्याचे नियम सैन्यदलांनी केले आहेत.