सॉफ्टवेअर रेडिओतील दोषशोधन : विदागती (डेटा वाहण्याचा वेग) आणि ग्रहण (संकेत पकडणे)

सॉफ्टवेअर रेडिओत अँटेनाने पकडलेल्या लहरींचे अंकीय नमुने संगणकाकडे पाठवले जातात आणि पूर्वी मंडलांकडे असलेली गाळण्याची व विमॉड्युलनाची (लहरीतून मूळ माहिती वेगळी काढण्याची) कामे प्रोग्रॅम करतो. जोसेफ मिटोला यांनी ही कल्पना 1990 च्या दशकाच्या आरंभी मांडली. 2001 मध्ये ‘ग्नू रेडिओ’ हा असे प्रोग्रॅम ब्लॉक जोडून रचण्याचा मुक्त प्रकल्प सुरू झाला. मात्र ही कल्पना घरोघरच्या टेबलावर आली 2012 पासून. रिअलटेकची आरटीएल2832यू चिप असलेला डिजिटल टीव्हीचा स्वस्त डाँगल (यूएसबीत खोचायचा छोटा ग्राही) कच्चे नमुनेही बाहेर देतो, हे तेव्हा उघड झाले होते. प्रयोग फसला की दोष दोन ठिकाणी असू शकतो : नमुने संगणकात पुरते पोचत नसतात, किंवा पोचलेल्या नमुन्यांतच संकेत बिघडलेला असतो. वरवर पाहता दोन्हींची लक्षणे सारखी दिसतात, म्हणून अँटेनाला हात लावण्याआधी विदेची वाट तपासावी.

विदागतीचा हिशेब सोपा आहे आणि तो कागदावर मांडावाच. प्रत्येक नमुन्यात आय आणि क्यू असे दोन आकडे असतात; दोन्ही मिळून लहरीची उंची आणि कला (फेज) सांगतात. आरटीएल डाँगलमध्ये प्रत्येक आकडा 8 बिटांचा, म्हणजे नमुन्याला 2 बाइट. सेकंदाला 24 लाख नमुने घेतले तर 48 लाख बाइट वाहतात. यूएसबी 2.0 ला हे जड नाही, तरी ही चिप 32 लाखांपर्यंतचा दर स्वीकारत असूनही 24 लाखांच्या बऱ्याच वर गेल्यावर नमुने गळू लागतात. हॅकआरएफ हा दुसरा यूएसबी सॉफ्टवेअर रेडिओ 2 कोटी नमुने पाठवतो, म्हणजे सेकंदाला 4 कोटी बाइट, यूएसबी 2.0 ची प्रत्यक्षातली कमाल क्षमता जवळपास तेवढीच. त्याच पोर्टावर हबमधून दुसरी हार्ड डिस्क जोडलेली असेल तर गळती ठरलेलीच. नेटवर्क केबलने जोडायच्या यूएसआरपी एन210 या सॉफ्टवेअर रेडिओत आकडे 16 बिटांचे असल्याने गिगाबिट इथरनेटवरून 2.5 कोटी नमुने जातात. आकडे 8 बिटांवर आणले की 5 कोटी.

यूएसआरपीचा ड्रायव्हर गळती झाली की टर्मिनलवर अक्षरे छापतो. ‘ओ’ म्हणजे संगणकाने नमुने वेळेत उचलले नाहीत, ‘यू’ म्हणजे प्रक्षेपणासाठी नमुने वेळेत पुरवले नाहीत, ‘डी’ म्हणजे नेटवर्कवर पाकिटे हरवली. ‘डी’ दिसले तर लिनक्समधील नेटवर्क बफरची कमाल मर्यादा वाढवून पाहावी. आरटीएलसाठी ‘आरटीएल टेस्ट’ हा छोटा प्रोग्रॅम काही मिनिटे चालू ठेवला की किती बाइट हरवले ते कळते. ‘ओ’ दिसत असतील तर पुढची सगळी प्रक्रिया काढून टाकून नमुने नुसते रॅममधल्या फाइलीत साठवावेत. तरीही गळती झाली तर दोष केबल, पोर्ट किंवा हबमध्ये. थांबली तर प्रोसेसर किंवा डिस्क मागे पडते आहे.

एफएम ऐकताना नमुने गळाले की टिकटिक ऐकू येते आणि संशय लगेच योग्य जागी जातो. विमाने आपले ठिकाण कळवण्यासाठी 1090 मेगाहर्ट्झवर सोडतात त्या एडीएस-बी संदेशांत ही सोय नाही. त्यातला लांब संदेश 120 मायक्रोसेकंदांचा असतो. त्यात मधेच नमुने हरवले की पडताळणी फसते आणि अख्खा संदेश टाकून दिला जातो. नकाशावर विमाने कमी दिसतात, एवढेच लक्षण. मग माणूस अँटेना गच्चीवर नेतो आणि तिथेही तेवढीच विमाने दिसतात.

दुसरा नेहमीचा घोटाळा प्रक्रियेच्या साखळीत टप्प्याटप्प्याने उतरवलेल्या नमुना-दरांचा. 24 लाखांना 10 ने भागून 2,40,000 आणि पुन्हा 5 ने भागून 48,000 ही एफएमची सुबक साखळी. साउंड कार्ड 44,100 वर ठेवले तर आवाज सुमारे 8 टक्के खालच्या पट्टीत जातो, मागे नमुने साचतात आणि शेवटी ‘ओ’ छापले जाऊ लागतात. दर जुळले तरी रेडिओचे व साउंड कार्डचे घड्याळ वेगवेगळे असल्याने अधूनमधून एखादा खटका येतो. तो बिघाड मानू नये. ग्नू रेडिओतला नमुन्यांचा वेग आवरणारा ‘थ्रॉटल’ ब्लॉक मात्र खरे उपकरण जोडल्यावर काढलाच पाहिजे. वेग ठरवणारे घड्याळ एकच हवे आणि ते उपकरणाचे.

वाट शाबूत निघाली की मगच ग्रहणाकडे वळावे. गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) कमालीवर नेणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. 8 बिटांत मावणारा आवाका साधारण 50 डेसिबेलचाच असतो. पुण्या-मुंबईत 98.3 सारखी दणदणीत एफएम केंद्रे जवळ असली की डाँगल भरून जातो आणि केंद्र नसलेल्या जागीही त्यांची भुते (खोटे संकेत) दिसतात. पारख अशी : गेन 10 डेसिबेलने उतरवावा. खरा संकेत साधारण तेवढाच उतरतो; तिसऱ्या क्रमाचे, म्हणजे डेसिबेलांत तिप्पट बदलणारे भूत 30 च्या आसपास कोसळते. भुते निघाली तर एफएम पट्टा अडवणारा फिल्टर प्रवर्धकापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. गेन ठरवताना अँटेना जोडल्यावर गोंगाटाची पातळी जेमतेम वर उचलली जाईल तिथे थांबावे.

साध्या स्फटिकाचा डाँगल वारंवारतेत कित्येक दहा पीपीएमने (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) चुकतो. 50 पीपीएम म्हणजे 100 मेगाहर्ट्झवर 5 किलोहर्ट्झ. रुंद एफएमला चालून जाते, पण अरुंद पट्ट्याचा संकेत हातचा निसटतो. काही उपकरणांत पडद्याच्या अगदी मध्यावर उभी रेघ दिसते. ती ग्राहीच्या आतलीच असते, म्हणून केंद्र-वारंवारता थोडी बाजूला ठेवून ऐकावे.

उरतो भोवतालचा गोंगाट. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटरच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर म्हणूनच तिथे उभारली गेली. तिच्या नमुन्यांवरची प्रक्रियाही पुढे लिनक्स संगणकांच्या समूहावर सॉफ्टवेअरने होऊ लागली. घरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, एचडीएमआय केबल हे मुख्य गुन्हेगार, यूएसबी 3.0 ची जोडणी तर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात थेट गोंगाट सोडते. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि धबधब्यासारखा सरकणारा वर्णपट पाहत एकेक खटका पुन्हा चालू करत जावे. गोंगाट करणारा दिवा पेटला की पडद्यावरची पार्श्वभूमी त्याच क्षणी उजळते.