हात बसण्याचा इतिहास: बास्केटबॉलमधील फेकीची ढब आणि खेळाडूचा विश्वास

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयीन संघांत बास्केटबॉल हाच ज्यांचा पहिला खेळ आहे, अशी मुले थोडी. बरीचशी कबड्डी, खो-खो किंवा क्रिकेट खेळून अकरावीत वा पदवीच्या पहिल्या वर्षाला या मैदानावर येतात. त्यांची सरावातील अचूक फेक सामन्यात रिंगला लागून परत आली की ‘आत्मविश्वास कमी पडला’ असे म्हटले जाते. फेकीच्या ढबीचा इतिहास पाहिला, तर ढब आणि विश्वास यांना असे वेगळे काढता येत नाही, असे माझे मत आहे.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या टांगल्या. सज्जाची उंची दहा फूट होती म्हणून रिंग आजही ३.०५ मीटरवर आहे. पुढची चार दशके पाय जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी केलेली फेक हीच योग्य मानली जाई. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हँक लुईसेटी यांनी ३० डिसेंबर १९३६ रोजी न्यू यॉर्कमध्ये सलग ४३ सामने जिंकलेल्या लाँग आयलंड विद्यापीठाला एका हाताच्या फेकीने हरवण्यात मोठा वाटा उचलला, तेव्हा ही समजूत हलली. वायोमिंगच्या केनी सेलर्स यांनी आपल्याहून बऱ्याच उंच असलेल्या भावाच्या हातांवरून चेंडू काढण्यासाठी शेतावरच उडी मारून फेकण्याची सवय लावून घेतली होती, आणि १९४३ मध्ये त्यांच्या विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. दोघेही महाविद्यालयीन खेळाडूच होते.

अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू विल्ट चेंबरलेन यांची गोष्ट मात्र उलट दिशेची आहे. २ मार्च १९६२ च्या सामन्यात त्यांनी १०० गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीनंतर मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या फेकी) यशस्वी झाले, आणि ते सर्व दोन्ही हातांनी खालून वर टाकलेले होते. त्या हंगामातील त्यांचे फ्री थ्रोचे प्रमाण ६१ टक्के, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम होते. तरीही ही ढब बायकी दिसते या संकोचापोटी त्यांनी ती सोडली आणि १९६७-६८ च्या हंगामात हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले. हातात सिद्ध झालेली गोष्ट लोकांच्या नजरेपायी सोडून देणे किती महागात पडते, हे यातून दिसते, आणि प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या प्रथम वर्षाच्या खेळाडूला हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

१९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाची उगमस्थाने मांडली, तेव्हा स्वतः ते काम करून दाखवल्याच्या अनुभवाला पहिले स्थान दिले. इतरांचे प्रोत्साहन त्यानंतर येते. मराठीत आपण ज्याला ‘हात बसणे’ म्हणतो, त्यात हाच अर्थ आहे: पाय, कोपर आणि मनगट दर वेळी एकाच क्रमाने चालू लागले की मनाला वेगळा धीर द्यावा लागत नाही.

खान्देशात हा हात बसायला वेळ अपुरा मिळतो. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ होण्यापूर्वी येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. स्वतःचे विद्यापीठ झाल्याने विद्यापीठ संघाची वाट जवळ आली, पण सरावाच्या अडचणी राहिल्याच. उघड्या सिमेंटच्या मैदानावर पावसाळ्यात पाय घसरतो, एप्रिल-मेमध्ये पारा ४४ अंशांच्या पुढे जातो म्हणून सराव पहाटे किंवा दिवेलागणीलाच होतो, आणि मधला काळ परीक्षा घेतात. अशा तुटक सरावात स्पर्धेच्या तोंडावर कोणी कोपर बदलायला सांगितले, तर जुनी ढबही जाते आणि नवी येत नाही. म्हणून ढबीतील दुरुस्ती स्पर्धा संपल्यावर, रिंगपासून दोन पावलांवरून, एका हाताने सुरू करावी आणि तिथली फेक सलग पडू लागल्यावरच खेळाडूला एक पाऊल मागे न्यावे.