एक शर्ट, किती कोड? कापड आणि तयार कपड्यांच्या उद्योगातील ईआरपीची पार्श्वभूमी

ईआरपी म्हणजे खरेदी, उत्पादन, माल आणि हिशेब एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचा जन्म यंत्रं आणि वाहनं जुळवणाऱ्या कारखान्यांत झाला. हे ध्यानात घेतलं की कापड आणि कपड्यांच्या धंद्यात ते बसवताना एवढी ओढाताण का झाली, ते कळतं. सुटे भाग कधी आणि किती मागवायचे याचा हिशेब 1960 च्या दशकात संगणकावर आला. 1980 च्या दशकात त्याला यंत्रांची क्षमता आणि खर्च जोडला गेला. ईआरपी हे नाव 1990 चं. या सगळ्यामागचं गृहीतक मात्र तेच राहिलं: नट म्हणजे नट. आजचा नट आणि पुढच्या महिन्याचा नट एकमेकांच्या जागी चालतो, आणि दोन्ही नगावर मोजतात.

कापडाला हे लागू पडत नाही. होजिअरीचं कापड विकत घेतात किलोवर आणि कापतात मीटरवर. 180 जीएसएमचं (चौरस मीटरला 180 ग्रॅम भरणारं), 1.8 मीटर पन्ह्याचं म्हणजे रुंदीचं कापड मीटरला 324 ग्रॅम भरतं, म्हणजे 100 किलोत साधारण 308 मीटर. रंगाईत ते आटून जीएसएम 190 झालं आणि पन्हा 1.75 वर आला, तर तेवढ्याच 100 किलोत जेमतेम 300 मीटर. गोदामाची नोंद बरोबर, पण कटिंगच्या टेबलावर आठ मीटर कमी. त्यात शेडची, म्हणजे रंगछटेची भानगड वेगळीच. स्क्रीनवर 500 किलो नेव्ही दिसतं, पण ते तीन लॉटमध्ये, म्हणजे तीन वेगळ्या वेळी रंगवलेल्या गठ्ठ्यांत विभागलेलं असतं, आणि त्यांच्या छटा थोड्या वेगळ्या असतात. अंग एका लॉटचं आणि बाही दुसऱ्याची लागली की तो माल तपासणीत परत आलाच म्हणून समजा. सुरुवातीच्या पॅकेजांना लॉट ही चीज औषध आणि रसायन कारखान्यांमुळे माहीत होती. शेड जुळवून कापड राखून ठेवणं मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

ही पॅकेजं येण्याआधीही गिरण्यांत संगणक होते, पण ते पगार, विक्री आणि खातेवहीपुरते. खरा धक्का दुकानांच्या बाजूने आला. 1980 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात आढळलं, की धाग्याच्या कच्च्या मालापासून ग्राहकाच्या हातात कपडा पडेपर्यंत 66 आठवडे जातात, आणि त्यातले 40 नुसते गोदामात किंवा वाटेत. मग बड्या दुकानदारांनी बारकोड आणि संगणकावरून थेट ऑर्डर हा आग्रह धरला. पुरवठादाराने तो मानला, कारण न मानून चालणार नव्हतं.

इथेच तो वाद सुरू झाला, जो आजही प्रत्येक अंमलबजावणीच्या पहिल्या बैठकीत निघतो: एका स्टाईलला, म्हणजे कपड्याच्या एका डिझाइनला कोड एकच द्यायचा, की प्रत्येक रंग-साईजला वेगळा?

पॅन्टचं उदाहरण घ्या. कमरेची मापं 8, लांबी 3, रंग 4. स्टाईल एक, पण वेगवेगळे नग 96. सीझनला अशा 200 स्टाईल असतील तर 19,200 कोड, आणि पुढच्या सीझनला त्यातले बहुतेक निकामी. कारखान्यातली माणसं असा विचार करतच नाहीत. खरेदीदाराची ऑर्डर सांभाळणारी मर्चंडायझर स्टाईल क्रमांकाने बोलते आणि साईजचं प्रमाण चौकटीत मांडते. कटिंग मास्टर एकाच मार्करवर (कापडावर तुकडे मांडायच्या आराखड्यावर) एस, एम, एल एकत्र बसवतो, एकाच थरातून तिन्ही कापतो. त्या थराचा खर्च 96 कोडांवर वाटायचा कसा, याला सरळ उत्तर नाही. म्हणून कपड्यांसाठी खास बनलेल्या प्रणालींनी चौकट स्वीकारली: वरती एक स्टाईल, खाली रंग-साईजचं जाळं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ईआरपी विकणाऱ्या एका बड्या कंपनीनेही आपल्या सर्वसाधारण ईआरपीवर हीच रचना चढवून कपडे-पादत्राणांसाठी वेगळी आवृत्ती काढली. उत्पादनाच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय बरोबरच होता.

अडचण बारकोडची. त्याचा नियम साफ आहे, प्रत्येक रंग-साईजला स्वतंत्र क्रमांक हवा. म्हणजे आत चौकट, बाहेर सुटे कोड, आणि मध्ये एक भाषांतराचा तक्ता, जो कुणीतरी सतत अद्ययावत ठेवायचा. तो तक्ता चुकला की खोक्यावर एमचं लेबल आणि आत एल. शिवाय चौकटीच्या आवृत्तीसाठी मूळ प्रणालीत इतके बदल झाले, की मूळ प्रणालीतली नवी सुधारणा तिथवर पोचायला वेळ लागे. अखेर 2010 नंतरच्या दशकात त्याच कंपनीने दुकानांसाठीच्या प्रणालीवर आधारलेली नवी रचना आणली. तिच्यात मुख्य वस्तू एक, आणि तिचे प्रकार सुट्या कोडांचे. दुकानदाराची सरशी झाली. ज्यांनी 15 वर्षं चौकटीत हिशेब ठेवला, त्यांच्यासाठी हे अपग्रेड म्हणजे सगळा माल-मास्टर, म्हणजे वस्तूंची मूळ यादी, नव्याने उभारणं.

दरम्यान बाहेरचं जग बदललं होतं. वर्षाचे दोनच अंक ठेवणारे जुने प्रोग्राम सन 2000 उजाडताच कोलमडतील, या धास्तीने अनेकांनी ते टाकून घाईत ईआरपी घेतलं. अशा घाईत लेखा विभाग आधी चालू होतो आणि उत्पादन ‘दुसऱ्या टप्प्यावर’ जातं. कोणत्या देशाने किती कपडे निर्यात करायचे हे ठरवणारी 1974 पासूनची कोटा-व्यवस्था 1 जानेवारी 2005 ला संपली. तोवर हातात कोटा असणं हीच ऑर्डरची निम्मी हमी असे. नंतर खरेदीदार किंमत, तारीख आणि ‘माझा माल आत्ता कुठे आहे’ हे विचारू लागले. तो प्रश्न फोनवर उत्तर देऊन भागेनासा झाला.

एप्रिल 2013 मध्ये ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं दगावली, तेव्हा काही ब्रँडांना आपला माल तिथे शिवला जात होता की नाही हेच आधी शोधावं लागलं. बाहेर शिवायला दिलेलं काम प्रणालीत नोंदवणं ही तोवर हिशेबाची बाब होती, नंतर ती जबाबदारीची झाली. 2022 पासून अमेरिकेत कापसाच्या उगमाचे पुरावे मागितले जातात. 2024 मध्ये युरोपात लागू झालेल्या कायद्याने उत्पादनाच्या डिजिटल पासपोर्टची (उत्पादनासोबत जाणाऱ्या माहितीच्या संगणकी नोंदीची) तरतूद केली आणि कापड त्यात अग्रक्रमावर आहे.

या मागण्यांना ना स्टाईल कोड पुरतो, ना साईज कोड. त्यांना लागतो सुताचा आणि रंगाईचा लॉट, म्हणजे नेमकं तेच, जे बऱ्याच कारखान्यांत आजही रंगाई विभागाच्या एक्सेल फाइलीत आहे आणि ईआरपीत फक्त ‘शेरा’ या रकान्यात टाईप केलं जातं.